विहिरीवरचं बटण

स्वरूप,
आमटी गरम करून घे, भात टोपात आहे. मी पापडीला तुझ्या आत्याकडे चाललोय, तू पुण्याला निघालास की येईन. जाताना किल्ली नर्मदाकाकूंकडे दे.

विहिरीचं पाणी तपासणारा तुझा तळहाताएवढा कॉम्प्युटर ठणठणीत आहे. सोलरची प्लेट मी दर रविवारी पुसतो. शेजारच्या तिन्ही वाड्यांतले लोक शिंपण्याआधी येऊन बटण दाबतात. तुझ्या आवाजात 'पाणी गोड आहे' ऐकलं की पंप लावतात, 'खारं आहे' ऐकलं की परत जातात. या उन्हाळ्यात कुणाचीच केळ करपली नाही.

तू फोनवर म्हणालास, दिवसाला दाबल्याच्या वीस-वीस नोंदी येतात, म्हणजे बटण अडकतंय. ते काढून, आवाज बंद करून सगळ्यांना मोबाईलवर मेसेजच पाठवणार आहेस. मेसेज खुशाल पाठव. बटणाला मात्र हात लावू नकोस, आणि आवाजालाही नाही. उगाच उघडून बघत बसू नकोस, काही बिघडलेलं नाही.

शेजारचे सकाळी तीनदा दाबतात. बाकीच्या वेळा मीच असतो.

बाबा