पंख्याच्या मेंदूला शिवलेला कोट

तीर्थरूप दादा,

लांबूनच पायांना हात लावतोय, पाय मागे घेऊ नकोस. गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? इकडे सगळे ठणठणीत, दुकानही ठीक. तू कात्री पिशवीत घालून मुलाकडे राहायला गेलास त्याला अकरा महिने झाले, पण तुला परत बोलवायला मी हे पत्र लिहीत नाहीये, हे आधीच सांगून ठेवतो. (गेलास ती चूक तुझी. पंखा पाचवर होता ती माझी. तुला गार वाटायचं आणि तुझे कटिंगचे कागद हलायचे, म्हणून तू तो एकवर आणायचास. मला घाम फुटायचा, म्हणून मी पाचवर न्यायचो. शेवटी रेग्युलेटरचं बटणच उपटून माझ्या हातात आलं. तू म्हणालास, "या दुकानात एक तर हा पंखा राहील, नाहीतर मी." मी म्हणालो, "पंखा निदान बोलत तरी नाही." असं बोलायला नको होतं. असो.)

तर पत्राचं कारण तोच पंखा. दादा, त्याला अक्कल आली! आपल्या ठकीने आणली. तीच, जिला तू कटिंग टेबलावर बसवून बटणं मोजायला शिकवलंस. कॉलेजात ती इलेक्ट्रॉनिक्स शिकते (मी तीन वर्षं लोकांना "वायरमनचा कोर्स" असं सांगत होतो, ते चुकीचं निघालं). तिने तुटक्या रेग्युलेटरच्या जागी एक हिरवी पट्टी बसवली. तिच्यावर नखाएवढा काळा चौकोन आहे, त्याचं नाव मायक्रोकंट्रोलर. शेजारी एक पांढरी जाळीदार डबी, ती सेन्सर. डबी दर दोन सेकंदांनी खोली किती तापलीय ते पाहते, चौकोनाला सांगते, आणि पंखा किती फिरवायचा ते चौकोन ठरवतो. सव्वीसच्या खाली पंखा नुसता हलल्यासारखा करतो, चौतीसला जीव तोडून फिरतो, आणि मधला वेग टप्प्याटप्प्याने नाही, रिळावरून दोरा सुटावा तसा सलग वाढत जातो. आकडा समोर लाल अक्षरांत दिसतो.

पहिल्या दिवशी अकरा वाजता इस्त्री तापली, दारातून ऊन आत आलं, आणि पंख्याने आपणहून वेग घेतला. कोणी उठलं नाही, कोणी हात लावला नाही! काजं करणाऱ्या काकांनी सुई थांबवली, चष्मा पुसला आणि पुन्हा वर पाहिलं. माझ्या तर अंगावर काटा आला. मग मी ती डबी चिमटीत धरून पाहिली. बोटांच्या उबेने आकडा चढला आणि पंखा भरारा फिरायला लागला. सोडली, हळू झाला. धरली, भरारा. दादा, घरात माझं एक माणूस ऐकत नाही, आणि इथे माझ्या चिमटीत अख्खा पंखा! वकीलसाहेब कोटाच्या ट्रायलला आले होते, ते एकाच बाहीत अर्धा तास उभे राहिले. मला वाटलं आता नोटीस पाठवतात. पण ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "मला एकदा धरू द्या ना."

आता माझा पराक्रम ऐक. आपल्या दुकानात खडूची पूड आणि कापडाची कुसं किती उडतात ते तुला माहीत आहे. एवढी बुद्धिमान वस्तू भिंतीवर उघडीवाघडी, हे माझ्यातल्या शिंप्याला बघवेना. मी टेपने माप घेतलं आणि तिला कोट शिवला. उरलेलं राखाडी सूटिंग, आतून सॅटिनचं अस्तर, मध्ये खांद्याच्या पॅडचा कापूस, वायरींना शिवणीत वाट, आणि पुढे दोन बटणं. काकांनी काजं इतकी नाजूक केली की काय सांगू. (कॉलर लावायचा मोह मी आवरला.) पट्टी आणि डबी दोघी एकाच कोटात बसल्या. फिटिंग असं, की तू सुद्धा नाक मुरडलं नसतंस.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर लोक स्वेटर घालून चाललेले, आणि आत आकडा एकतीस, छत्तीस, एक्केचाळीस! पंखा असा सुटला की छताची पूड खाली पडायला लागली. मी आणि काका दात वाजवत उभे. मला वाटलं, त्या चौकोनाला ताप भरला. काका तर त्याच्यावर ओल्या फडक्याची घडी ठेवायची भाषा करायला लागले होते, तेवढ्यात सुदैवाने ठकी आली. तिने बटणं काढली, आत हात घातला आणि जमिनीवर बसून हसायला लागली. "बाबा, ही पट्टी स्वतः थोडी गरम होते. तुम्ही ती ऊब आत कोंडलीत. बिचाऱ्याला वाटलं, खोलीच पेटलीय!" कोट तिने कॉलेजात नेला. तिथल्या सरांनी यंत्राबद्दल चार प्रश्न विचारले आणि अस्तराबद्दल सहा.

मी मात्र अजून रोज दुपारी पाच मिनिटं काम थांबवून वर बघत बसतो. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. वहिनींना नमस्कार, मुलाला आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. वर "दुकानही ठीक" असं लिहिलंय, ते तितकंसं खरं नाही. पंखा सुटला तेव्हा टेबलावर तुझे कटिंगचे कागद होते. सगळे उडाले. तीन रस्त्यावर गेले, ते काकांनी या वयात धावून आणले. आता बाही कोणाची आणि पाठ कोणाची, कळत नाही. तुझ्या खुणा तुलाच वाचता येतात. वकीलसाहेबांना लावलेली बाही दोन इंच लांब निघाली. ते कोर्टात हात वर करून बोलतात, म्हणून निभावलंय. कागदांबद्दल तू म्हणायचास ते बरोबर होतं. (हे लेखी देतोय, जपून ठेव.)

ता. क. दुसरा. ठकी काल आकडे पक्के करायला बसली. म्हणाली, "बाबा, आपल्या मोठ्या काकांना किती डिग्रीला गार वाटायला लागतं? तो आकडा घालते, म्हणजे पंखा त्यांच्या बेताने फिरेल." तुझा खांदा सतरा, गळा साडेपंधरा, डावी बाजू अर्धा इंच उतरती, हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. पण एकतीस वर्षं टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहिलो, आणि तुला गार वाटतंय का, हे मी एकदाही विचारलं नाही. ती डबी दर दोन सेकंदांनी विचारते. ठकीने ती जागा रिकामी सोडलीय. आकडा पत्राने कळवू नकोस. तिचं म्हणणं आहे की माणसाला दुकानात बसवूनच तो घ्यावा लागतो.

(ती असं म्हणालेली नाही. मी म्हणतोय.)