निनादच्या जीन्सचा गुडघा

शनिवार, बिशान, जेवणानंतर

आज निनादची जीन्स शिवून झाली. पुलाउ उबीन बेटावर सायकलवरून पडून नवरोबांनी ती गुडघ्यावर फाडली होती. साशिको म्हणजे जपानी धावदोराच, त्यात मला नवीन काय, असं म्हणत मी आधी गोधडीसारखा दोरा करकचून ओढला. कापडाला चुण्याच चुण्या! साशिकोच्या वर्गातल्या जपानी बाई म्हणाल्या, "ओळ वळवताना मागे दोरा थोडा सैल ठेवा." सगळं उसवलं, पुन्हा घातलं. आता गुडघा छान वाकतो.

निनादला मात्र पांढरे टाके खटकले. "निळा दोरा नव्हता का गं?" होता की! पण लपवायचं कशाला? लपवायचंच असतं तर रफू नसतं केलं? खरी मेहनत त्या मागच्या सैल दोऱ्यात आहे, ती याला दिसणारही नाही.

दुसरी जीन्स धुवायला होती, म्हणून हीच घालून तो जेवण आणायला खाली हॉकर सेंटरच्या खाण्याच्या स्टॉल्सवर गेला. जेवण घेऊन परतला तो हसतच. नूडल्सवाल्या आंटीने विचारलं म्हणे, "व्हेअर यू बाय, आह?" आता साहेबांना ऑफिसच्या पिशवीवरही तसेच टाके हवेत.

पिशवी चांगली धडधाकट आहे. म्हटलं, आधी फाटू दे.