पेटीतली घरघर

सोमवार, ४ फेब्रु. ७४
पेटी घुमते आहे. रेकॉर्ड लावली तरी घूं, काढली तरी घूं. ह्यांनी हौसेने सुताराकडून करवून घेतलेली, माणसाच्या कमरेइतकी उंच. पुढे मोठा स्पीकर, मागच्या बाजूला आतच अँप्लिफायर. हौस केव्हाच संपली. सकाळी जाहीर केलं की मंडपवाल्या इरण्णाला देऊन टाकतो, लग्नसराईत त्याला हवीच आहे, रविवारी येईल न्यायला.
मी म्हटलं, आत्याबाईंना, तुमच्या आईंना, विचारलंत का?
"आईला कुठं काय ऐकू येतंय? टेकून झोपते की नुसती."
ऐकू येत नाही हे खरं. अगदी कानाशी ओरडावं लागतं. पण आज त्या पेटीशेजारच्या आपल्या खुर्चीत बसल्याच नाहीत. आत भिंतीकडे तोंड करून बसल्या. अर्धी भाकरी ताटात तशीच.

मंगळवार, ५
कानाशी विचारलं, बाहेर का बसत नाही. मग तळहात पुढे केला.
"ह्यात ऐकू यायचं. डग्गा हितं," मनगटापाशी बोट ठेवलं, "आन् तबला हितं," बोटांच्या टोकांशी. "आता समदं एकसारकं थरथरतंय. आत काय हाय, कळत न्हाय."
कान गेल्याला चारेक वर्षं झाली. तेव्हापासून पेटीवर हात ठेवून बसतात. घरात कोणाला पत्ता नाही. पायाचा अंगठा हलायचा तो वाताने, असं डॉक्टरांनीसुद्धा ठरवून टाकलेलं.
ह्यांना सांगितलं, पेटी मी दुरुस्त करते, रविवारच्या आत. हसले. म्हणाले, पदवीला गंज चढला असेल एव्हाना. आत्याबाईंना काय चाललंय ते तोंडांकडे बघूनच कळलं.
"बी. एश्शी. हाय म्हनं. भाकरी अजून नकाशावानी करती."
ठीक. बघू.

बुधवार, ६
अंदाजाने काही उचकायचं नाही. एकेक गोष्ट वगळत जायचं.
रेकॉर्ड प्लेअरची वायर उपटली. घूं तसंच. आवाजाचं बटण शून्यावर. तसंच, तसूभर कमी नाही. म्हणजे दोष बाहेरून येत नाही, अँप्लिफायरच्या पोटात आहे, तोही वीज पुरवणाऱ्या भागात. तिथला, विजेतली थरथर जिरवणारा कंडेन्सर वाळला असणार.
मागची फळी काढली. जळमटं, धूळ, एक वाळलेली पाल. कंडेन्सरच्या बुडाशी पांढरी पूड फुटून आलेली. हाच तो.
प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते. बल्बच्या वायरी लावून आधी रिकामा केला. डावा हात पाठीमागे, धक्का छातीतून जाऊ नये म्हणून. प्रयोगशाळेत सर ओरडायचे तशी स्वतःवरच ओरडत होते. बरं वाटलं.

गुरुवार, ७
नवी पेठ. रेडिओच्या दुकानदाराने कंडेन्सर बघितला, मला बघितलं.
"बाई, सायबांना पाठवा की."
म्हटलं, साहेबांना फ्यूज बांधता येत नाही. जो काढून दिला तो कमी व्होल्टेजचा. परत केला. चालतंय की, म्हणाला. चालत नाही, फुटतो, असं सांगितल्यावर आतल्या खोक्यातून बरोब्बर हवा तो निघाला.
घरी आले तर वीज नाही. सोल्डरिंग आयर्न हातात घेऊन बसले. हे दोनदा डोकावून गेले. काही बोलले असते तर...

शुक्रवार, ८
जोडला. अधिक-उणे तपासलं, पुन्हा तपासलं. बटण दाबलं.
शांत. भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं. हे वर्तमानपत्र ठेवून आले, स्पीकरला कान लावला, बराच वेळ काहीतरी सापडतंय का बघत होते. "जमलं की," म्हणाले. अर्ध्या आवाजात.
तबल्याची रेकॉर्ड लावली. आत्याबाईंना धरून आणलं. तळहात टेकवला. मान हलवली. नाही.
"हाय अजून. बारीक. मुंगी चालल्यावानी."
ह्यांचं म्हणणं, तिला भास होतोय, आता नाद सोड. ज्या हाताने इतकी वर्षं डग्गा वेगळा आणि तबला वेगळा केला, त्याला मी खोटं ठरवणार नाही. माझ्या कानाला ऐकू येत नाही एवढंच सिद्ध झालं.

शनिवार, ९
स्वयंपाक बाजूला. आत्याबाई पेटीपाशी, मी मागे.
रेकॉर्ड बंद, पेटी चालू. मुंगी आहे. आवाज शून्यावर ठेवून स्पीकरची वायरच काढली. "हाय." स्पीकर मुका, तरी थरथर. म्हणजे हा आवाज नव्हेच, लाकूडच हलतंय. प्लग काढला. "ग्येली." लावला. "आली."
त्यांचा हात धरून लाकडावरून हळूहळू मागे नेला. ट्रान्सफॉर्मरच्या वर आला तसा त्यांनीच थांबवला.
"हितं. हितं हाय तिचं वारूळ."
प्लग काढून बघितलं. ट्रान्सफॉर्मरचे पत्रे सैल, आणि तो थेट फळीवर कसलेला. बोल्ट आवळले. खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले. पुन्हा बटण.
हात टेकवून बसल्या. चेहरा नेहमीसारखाच, दगडी.
"ग्येली."
स्पीकर जोडला, रेकॉर्ड लावली. पहिल्याच थापेला अंगठा हलला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "ह्यो तबलजी लई घाई करतोय." मी नीट ऐकलं. करतोच आहे.
स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले. दुपारचं जेवण उशिरा. कोणी तक्रार केली नाही.

रविवार, १०
इरण्णा हातगाडी आणि गडी घेऊन हजर. ह्यांनी शब्द दिलेला, त्यामुळे तोंड उतरलेलं. इरण्णाला वाटलं होतं बिघडलेली पेटी न्यायची. वाजताना ऐकली आणि खूशच झाला.
"मालक, ही तर नवी हाय की. आता काय बी होऊ दे, मी नेनारच."
मी दुरुस्त केली म्हणून आता त्याला जास्तच हवी.
आत्याबाईंनी हात काढला नाही. "कोडंगिल्ल." द्यायची नाही. ठाम बोलायचं असलं की त्या कानडीतच बोलतात. इरण्णाही त्याच भाषेतला. अक्कलकोटची ओळख काढून गोड गोड समजावू लागला. त्यातलं अक्षरही त्यांना ऐकू येत नव्हतं, हे त्याला कोणी सांगितलं नाही.
हे माझ्याकडे बघू लागले. म्हटलं, मधे बोलू नका, रेकॉर्ड चालू आहे.
इरण्णा पायरीवर बसला. म्हणाला, संपेपर्यंत थांबतो. त्याला चहा दिला.
मग रेकॉर्डची दुसरी बाजू लावली.