समीक्षाला बक्षीस देऊ नको

पारोळा
मंगळवार, दि. १७ डिसेंबर २०२४

चि. कोकिळा हिला द्रौपदाअक्काचा आशीर्वाद.

तुझी बक्षीस समारंभाची पत्रिका पोचली. कागद जाड आहे, भाकरी झाकायला बरा. इकडे सगळे ठीक. थंडी पडली, माझे गुडघे धरतात, म्हैस आटली. धुळ्याला तुझी तब्येत बरी असणारच. पेन्शनवाल्यांची असतेच.

फोन केला असता, पण फोनवर तू मास्तरीण होतेस. कागदावर मला कोणी मधेच तोडत नाही. लिहायला वेळ लागतो, आजचा दुसरा दिवस आहे. चुका काढत बसू नको.

रविवारी समीक्षा आली होती. माझी नात तापीकाठ विद्यापीठात शिकते हे तुला काय सांगू, तूच फॉर्म भरलास आणि गावभर सांगितलंस. सोबत तिच्या होस्टेलच्या खोलीतली मैत्रीण होती, दिपमाला, पिंपळनेरकडची. चाकाच्या खुर्चीतली आहे. मी भरीत केलं, कळण्याच्या भाकरी टाकल्या. शेजारची बेबाबाई डोकावून म्हणाली, "काय व माय, ही तर तुनी कोकिळाच शे."

मी म्हटलं, "नाही, ही भांडी घासते."

खरंच घासली तिने, नळाजवळ खुर्ची नेऊन. तू कधी घासली नाहीस.

जेवताना समीक्षाने मोबाईलवर तुझं भाषण दाखवलं. ते तीन तारखेचं, अपंग दिनाचं. आता दिव्यांग म्हणायचं असतं, ती म्हणाली. बरं, दिव्यांग. तू मधल्या खुर्चीत, अंगावर जांभळी साडी, त्यावर शाल, मांडीवर नारळ. त्या विद्यापीठाच्या समितीवर तू आहेस, बायांना आणि दिव्यांगांना सारखं वागवायचं म्हणून ती समिती. मोठे मोठे साहेब तुझ्यापुढे वाकत होते. तशी साडी मी एकदा दुकानात उलगडून पाहिली होती. घडी घालून परत दिली.

मग तू म्हणालीस, "माझ्या वडिलांनी मला पाठीवर घेऊन शाळेत नेलं, म्हणून मी आज इथे आहे." टाळ्या पडल्या. समीक्षाने माझ्याकडे पाहिलं. मी तव्यावरची भाकरी उलटली.

आबांनी तुला किती वेळा नेलं ग? एकदा. नाव घालायला. पुढची सात वर्षं ती पाठ कोणाची होती?

मी तिसरी पास झाले त्या साली तुझं नाव घालायचं ठरलं. आबा म्हणाले, एकीने शिकायचं, एकीने न्यायचं. तुझ्या पायाला नवरा मिळणार नव्हता, म्हणून तुला शाळा. माझे पाय धड, म्हणून मला बंद. मी रडले तर माय म्हणाली, "तिले उचल. तुना पाय धड शेतस." मग रोज बोरी नदीच्या वाळूतून तू पाठीवर, तुझं दप्तर माझ्या गळ्यात. तुला वर्गात बसवायची आणि बाहेर चिंचेखाली बसायची. गुरुजींना विचारलं होतं, मीपण आत बसू का. ते म्हणाले, पटावर नाव नाही. सतराचा पाढा मी चिंचेखाली पाठ केला. अजून येतो. तुला येतो का?

लंगड्या पायाचा हेवा करणारी माणसं जगात फार नसतील. मी होते. दोन दिवस घरात लंगडून पाहिलं. मायने पाठीत धपाटा घातला, तेव्हा सरळ चालले.

आता कामाचं लिहिते.

दिपमालाचा इतिहासाचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरतो. दारात उतार बांधलाय, त्याची फीत तूच कापलीस, पण तो उतार खालच्या हॉलपर्यंत येऊन संपतो. लिफ्ट नाही. मुलीला मुलीनेच उचलायचं असा तुमच्या समितीने नियम केला आणि सखी-सोबती असं नाव दिलं. समीक्षा सोबती झाली. अकरा वाजता ती दिपमालाला पाठीवर घेऊन चाळीस पायऱ्या चढते. अकरालाच समीक्षाचं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल असतं, पलीकडच्या इमारतीत. मधे दिपमालाला लघवीला आणायचं, कारण बाथरूम खाली. परत वर. पोरगी प्रॅक्टिकलला पोचते तेव्हा बाकीच्या पोरी नळ्या धुवून ठेवत असतात. हजेरी कमी पडली. सर म्हणाले, पुढच्या आठवड्यापासून एकही बुडवलं तर परीक्षेला बसू देणार नाही.

आणि त्याच पोरीला तुम्ही तीन जानेवारीला बक्षीस देणार. सेवाभावी कन्या. तुझ्या हातून. तसं पत्रिकेत छापलंय.

मी समीक्षाला म्हटलं, "नाही म्हण."

ती म्हणाली, "आजी, मग दिपमालाला कोण नेणार?"

मी दिपमालाकडे वळले. "तुला तोंड नाही का ग?"

"आहे ना आजी. दोनदा अर्ज दिला, माझा वर्ग खाली आणा म्हणून. खाली तीन खोल्या आहेत. एकीत मोडके बाक भरलेत."

"मग?"

"उत्तर आलं, तुम्हाला सोबती दिलेली आहे." भाकरी मोडत म्हणाली, "मला हिच्या पाठीवर बसायला आवडत नाही, आजी. हिला दम लागतो तो माझ्या कानात ऐकू येतो."

समीक्षा म्हणाली, "हे तू मला कधी बोलली नाहीस."

"तू उचलून दमलेली असतेस, तेव्हा काय बोलू?"

मी दोघींच्या ताटात भरीत वाढलं आणि चुलीकडे तोंड केलं. तुला ऐकू यायचा का ग माझा दम? तू कधी बोलली नाहीस. मीही विचारलं नाही.

आता एक लिहिते, जे साठ वर्षांत कोणाला सांगितलं नाही. मरायच्या आधी सांगून टाकायचं असलं काही नाही, मी काही एवढ्यात मरत नाही. पण दुसऱ्यांवर बोट दाखवायचं तर आपलं आधी सांगावं.

तुझी सातवीची स्कॉलरशिपची परीक्षा. केंद्र आपल्या गावात नव्हतं, इथे पारोळ्याला होतं. नदीपर्यंत मी तुला नेलं आणि वाळूत खाली बसले. म्हटलं, काटा गेला, चालवत नाही. तू रडलीस, मला ओढलंस, सरपटत थोडी पुढे गेलीस. तो निळा फ्रॉक मळला. मी बसून राहिले. मग उचललं तुला, पण आपण पोचलो तेव्हा फाटक बंद झालं होतं.

काटा नव्हता, कोकिळा.

घरी आबांनी सुईने टाच उकरली. काही निघालं नाही, रक्त मात्र आलं. तू माझा पाय मांडीवर घेऊन फुंकर घालत होतीस. मी घालू दिली. ती परीक्षा दिली असतीस तर तू मास्तरीण नाही, कॉलेजात प्रोफेसर झाली असतीस, असं मला खूपदा वाटलं. आणि दर वेळी पोटात थोडं बरं वाटलं. तेही लिहून टाकते.

माफी मागत नाही. तू भाषणात मला गाळलंस, मी तुला वाळूत बसवलं. त्याची बरोबरी होत नाही, माझंच जड आहे, हे मला कळतं. पण समीक्षाची परीक्षा माझ्या डोळ्यांदेखत बुडायची नाही. आणि त्यासाठी दिपमालाला वाळूत बसवायचं नाही.

सोमवारी तेवीस तारखेला समीक्षा अकरा वाजता थेट प्रॅक्टिकलला जाईल. दिपमाला जिन्याखाली वही उघडून बसणार आहे. हे तिने ठरवलं. ती म्हणाली, एक दिवस वर्गाला माझ्याकडे येऊ दे. तिच्याजवळ मी बसेन. सकाळच्या एस.टी.ने येते.

तुमची मिटिंगपण त्याच दिवशी, त्याच जिन्याने, वर. दिव्यांगांची समिती दुसऱ्या मजल्यावर बसते, आणि तुला दोन शिपाई खुर्चीसकट उचलून नेतात. समीक्षाने पाहिलंय. म्हणाली, कोकिळाआजी तेव्हा डोळे मिटून घेते.

सोमवारी शिपायांना नाही म्हण. आमच्यात खाली बस आणि साहेबांना सांग, मिटिंग खाली घ्या, ते मोडके बाक काढा, वर्ग खाली आणा. बक्षीस नको, हजेरी द्या. तुझं ते ऐकतील. मी बोलले तर म्हातारी पिसाळली म्हणतील आणि पाणी आणून देतील.

वर गेलीस तर माझ्या अंगावरूनच नेतील तुला. मी बघेन आणि गप्प बसेन. भाषणात माझं नाव घे म्हणून हे लिहीत नाही, त्याची आता हौस नाही. हेवा मात्र गेला असं समजू नको. जांभळी साडी नेसून येऊ नको.

जिन्याखाली तुझी जागा धरून बसणारी,
अक्का