अकरा भांडी परत आली

३ ऑक्टोबर, मंगळवार
चारपैकी चार चुका! उतारा बीव्हरवर होता, म्हणजे झाडं पाडून नदीत बांध घालणाऱ्या प्राण्यावर. मुख्य मुद्दा — बीव्हर नदीचं रूपच बदलून टाकतो. त्याला आधार देणारे तपशील शोधायचे. मी खूण कुठे केली? तर, त्याचे दात नारिंगी असतात! वर्ग घेणाऱ्या हाउगेनबाई म्हणाल्या, "खरं आहे. पण खरं असणं वेगळं आणि आधार देणं वेगळं."

बावन्नाव्या वर्षी शाळेची राहिलेली परीक्षा द्यायला बसलेय. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघराची मुख्य व्हायचं तर तो कागद लागतोच. पण नारिंगी दात! मला तर तेच सगळ्यात आवडलं होतं.

५ ऑक्टोबर, गुरुवार
आर्लोला फोन केला. जुलैत त्याची बायको आयनेझ वारली, तेव्हापासून हा धाकटा भाऊ शेतावर एकटाच आहे. उत्तर ठरलेलं — "मी ठीक आहे, ताई." पुढे काही विचारावं तर बिटाच्या काढणीवर घसरतो. आमच्याकडचे पुरुष हवामानावर तासभर बोलतील, स्वतःबद्दल चकार शब्द नाही. हा खरंच ठीक आहे का, एवढंच मला कळायला हवंय. बाकी काही नको.

८ ऑक्टोबर, रविवार
भलताच नाद लागलाय! आज प्रवचन ऐकतानाही तेच. मुद्दा होता क्षमेचा, आणि पाद्रीबुवा दहा मिनिटं आपल्या मासेमारीवर. आधार शून्य! मला हसू आवरेना. शेजारी माझी मैत्रीण व्हर्ना होती, तिने कोपराने ढोसलं.

१० ऑक्टोबर
चारपैकी तीन बरोबर.

१२ ऑक्टोबर, गुरुवार
आज कमालच झाली. आयनेझ गेली तेव्हा चर्चमधल्या बायकांनी आर्लोकडे खिमा-बटाट्याची भांडी पोचवली होती. प्रत्येक भांड्याच्या तळाला चिकटपट्टी, पट्टीवर नाव. अशी भांडी आमच्याकडे महिनोन् महिने परत येत नाहीत, आणि कुणी मागतही नाही. भांडं द्यायला यायचं म्हणजे कॉफी आली, बसणं आलं, गप्पा आल्या.

आर्लोने आज एका सकाळीत अकराच्या अकरा परत केली! लख्ख घासून, ज्याच्या त्याच्या ओसरीवर ठेवून गेला. आत कुणाकडेच गेला नाही. व्हर्नाचा फोन आला, "सावरला गं तुझा भाऊ." मला इतकं बरं वाटलं, की उभ्या उभ्या रडले.

१५ ऑक्टोबर, रविवार
आर्लो चर्चला आला. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट. चक्क हसला! आयनेझचं शिवणयंत्र गाडीतून आणून माझ्या हवाली केलं, म्हणाला, तुला आवडायचं ना. आणि आपली कुत्री त्याने व्हर्नाला देऊन टाकली. तिला सोबत हवी म्हणे, मी दिवसभर बाहेर असतो. जिच्याशिवाय तो टपालपेटीपर्यंतही जात नसे, ती! जाताना त्याने मला मिठी मारली. आमच्याकडे असं कुणी करत नाही. मी लाजलेच.

१७ ऑक्टोबर, मंगळवार
झालं ते सगळं लिहिते.

घरी करायला दिलं होतं — स्वतः एक उतारा लिहा, एक मुद्दा, त्याला आधार देणारे चार तपशील. मी पहिलीच ओळ लिहिली, माझा भाऊ आता सावरला आहे. मग चार गोष्टी — भांडी परत केली, शिवणयंत्र मला दिलं, कुत्री देऊन टाकली, जाताना मिठी मारली. पैकीच्या पैकी मिळणार याची खात्री होती. दुपारी मोठ्या ऐटीत वही दिली.

बाईंनी वाचलं. लाल पेन उचललंच नाही. पुन्हा वाचलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "तपशील खरे आहेत. पण ते या ओळीला आधार देत नाहीत." माझ्या पहिल्या ओळीवर त्यांनी तळहात ठेवला. "आता वाच. यातून कोणता मुद्दा निघतो?"

मी वाचलं. तिसऱ्या तपशिलाशी मी उठलेच. वही, कोट, सगळं तिथंच टाकून गाडी काढली. शेत अकरा मैलांवर. मी पाच दिवस खुशीत होते!

तो स्वयंपाकघरात बसला होता. बिटाबद्दल बोलायला लागला. मी मध्येच तोडलं आणि सरळ विचारलं, "आर्लो, जीव द्यायचं मनात आहे का तुझ्या?"

त्याने मान हलवली. हो.

१८ ऑक्टोबर, बुधवार
तो आमच्या मागच्या खोलीत झोपलाय. दहाला डॉक्टरांकडे जायचंय. सकाळी म्हणाला, "कुणाला सांगू नकोस, ताई."

"सगळ्यांना सांगणार," मी म्हटलं आणि त्याच्या देखत व्हर्नाला फोन लावला.