भावोजींच्या ढोलाला माइक लावला, त्याची हकिकत

प्रिय ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? (दुसराही कसा आहे? मागच्या खेपेला एकाचीच चौकशी केली म्हणून तू दोघांच्या वतीने रागावली होतीस.) मी मजेत. भावोजीही मजेत. वेळेवर जेवतात, सकाळी दोघांच्याही अंथरुणांच्या घड्या घालतात. तू फोनवर माझ्याशी तासभर बोलतेस आणि त्यांच्या हातात फोन दिला की नुसती खोकून ठेवून देतेस, म्हणून त्यांची खुशाली अशी माझ्यामार्फत येते, गोड मानून घे. आता मुख्य गोष्ट. तू मला एक काम सांगितलं होतंस, त्याचं काय झालं ते सांगायला हे पत्र.

भावोजी घर सोडून इथे बँडमध्ये वाजवायला आले तेव्हा तू दिलेलं काम तसं सोपं होतं. 'त्यांचा आवाज बारीक ठेव, कुणाला ऐकूच आलं नाही की येतील मुकाट्याने घरी,' असं तू म्हणालीस आणि मी हो म्हणालो (तुला नाही म्हणायची सवय मला लहानपणी लागली नाही, आता कुठून लागणार). शिवाय मला वाटलं, यात आपल्याला करायचंच काय आहे? आमचा हॉल तू पाहिलेला नाहीस. दोन्ही बाजूंना कपाटाएवढे स्पीकर एकावर एक रचलेले, कार्यक्रम सुरू झाला की छातीच्या पिंजऱ्यात कुणीतरी सामान हलवतंय असं वाटतं. पुढे गिटारवाला, त्याला सगळे वादळ म्हणतात. मागे काठ्यांनी ड्रम बडवणारा एक धिप्पाड गृहस्थ. आणि या दोघांच्या मधे खुर्चीवर आपले भावोजी. तीस वर्षं ग्रंथालयात काढलेला माणूस, जिथे शिंकही परवानगी काढून द्यायची. मांडीवर तो सुरईच्या घाटाचा कातडी ढोल, आणि त्यावर बोटं अशी चालतात, जणू जुन्या पुस्तकाचं पान फाटू नये म्हणून जपून उलटताहेत. पहिल्या दिवशी मी काडीचीही लबाडी न करता तो ढोल कुणालाही ऐकू आला नाही. वादळ म्हणाला, काका हात छान हलवतात. मग म्हणाला, शनिवारच्या कार्यक्रमात ऐकू आला तर आला, नाहीतर बटणांची पेटी आणू; बटण दाबलं की ढोल, काकांना त्रास नको.

इथे तुझ्या भावाने खूश व्हायला हवं होतं. पण मी तुझा भाऊ असलो तरी पगार साउंडवाल्याचा घेतो, आणि माझ्या हॉलमध्ये एखादं वाद्य ऐकूच येत नाही, हे मला झोंबलं. मी ढोलासमोर माइक उभा केला. त्यात धिप्पाड गृहस्थांचा ड्रम सुरेख आला. माइक जवळ सरकवून आवाज वाढवला, तर स्पीकरमधून अशी किंचाळी निघाली की वादळानेसुद्धा कान झाकले. (त्याचं असं असतं ताई, माइक स्पीकरचं ऐकतो, स्पीकर तेच माइकला परत सांगतो, आणि दोघं आपापलं बोलणं वाढवत नेतात. तू आणि आत्या लग्नात भेटता तेव्हा साधारण हेच होतं.) मग ढोलाच्या खालच्या तोंडाशी दुसरा माइक धरला, तर वरचा आणि खालचा एकमेकांवर रुसले आणि आवाज आणखीच रोडावला, एकाची बाजू उलटी करून दिली तेव्हा कुठे नांदू लागले. शेवटी वरचा मोठा माइक काढला. त्या जागी कपड्याच्या चिमट्याएवढा छोटा माइक ढोलाच्या काठालाच लावला, भावोजींच्या पायाशी असलेला स्पीकर हटवून त्यांच्या कानात इयरफोनची बोंडं दिली, खाली जाड सतरंजी पसरली.

आणि मग ते झालं, जे मला नीट सांगता येणार नाही. दुपारची तालीम चालू होती. माझ्याकडे एक बटण आहे, ते दाबलं की हेडफोनमध्ये एकच वाद्य ऐकू येतं, बाकी सगळे मुके. मी ढोलाचं बटण दाबलं. समोर वादळ केस उडवत होता, गायिका तोंड उघडत-मिटत होती, पण सगळं काचेच्या टाकीतल्या माशांसारखं, निःशब्द. आणि माझ्या कानात फक्त कातडं. बोट टेकण्याआधी त्याचा वारा यायचा, मग बोट, मग आतल्या पोकळीत कुणीतरी 'हं' म्हणावं तसा हुंकार. मला वाटलं मी त्या ढोलाच्या आत बसलोय, बाहेरून ऊन कातड्यावर पडलंय आणि भिंती पिवळ्या दिसताहेत. किती वेळ बसलो कोण जाणे. (गायिका सांगते, दोन गाणी. त्या दोन्ही गाण्यांत तिचा माइक चालू करायचा माझ्याकडून राहिला. ती अजून माझ्याशी बोलत नाही. म्हणजे आता आमच्याकडेही एक अबोला आहे.)

पण हुंकाराच्या खाली आणखी काहीतरी होतं. मी कान दिला. भावोजी वाजवताना पुटपुटत होते. बाकीचे धा धिन पुटपुटतात. भावोजी म्हणत होते: दार लावा, कडी घाला, दूध झाका, पंखा बंद. दार लावा, कडी घाला, दूध झाका, पंखा बंद. रात्री निजताना तू सांगतेस तसं, अगदी तुझा हेल, 'कडी'वर तुझाच जोर.

शनिवारी हॉल गच्च भरला. ठरल्याप्रमाणे एका जागी सगळे थांबले आणि ढोल एकटा उरला. माझं बोट त्यांच्या आवाजाच्या दांडीवर होतं. खाली ओढली असती तर तुझं काम झालं असतं आणि पुटपुटणंही झाकलं गेलं असतं. मी वर ढकलली. कपाटाएवढ्या स्पीकरांतून, हळू, झोपेत बोलावं तसं आलं, दार लावा, कडी घाला. पुढच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. भावोजींचे डोळे मिटलेले, त्यांना पत्ताच नाही. मग दोन-चार पोरी हळूच म्हणाल्या, दूध झाका. आणि पुढच्या आवर्तनाला साऱ्या हॉलने एका सुरात, हलकेच 'पंखा बंद' म्हटलं. ताई, एवढी माणसं इतक्या मऊ आवाजात बोलताना मी कधी ऐकली नव्हती. भावोजींनी डोळे उघडले, आधी घाबरून मागे पाहिलं, मग कळलं तसे कानापर्यंत लाल झाले. पण हात थांबले नाहीत.

तर असं आहे. तुझं काम मी केलं नाही. पेटीचा विषय निघत नाही, वादळ त्यांना सर म्हणतो. इकडची काळजी करू नकोस, सगळं छान चाललंय.

तुझा,
धाकटा

ता. क. सगळं छान चाललेलं नाही. कालपासून त्यांची बोटं अडखळताहेत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, तेच तेच किती दिवस वाजवणार, नवीन काही ऐकलंच नाही ना. तेव्हा एक फोन कर. त्यांना दे असं मला सांग आणि या वेळी ठेवू नकोस. कौतुक वगैरे करायच्या भानगडीत पडू नकोस, त्यांना ताल सापडणार नाही. नेहमीसारखी रागाव.

ता. क. दुसरा. आत्ता भावोजी डोकावून गेले. कुणाला लिहितोस म्हणाले. मी म्हटलं, वीजबिलाची तक्रार आहे. ते दारापर्यंत गेले, तिथेच जरा घुटमळले आणि म्हणाले, तक्रारीच्या शेवटी एवढं विचार, तिचा खोकला थांबला का.