यमुना शाळेत पोहोचली नाही, याची नोंद व्हावी

दिनांक : २१ एप्रिल २०२५

प्रति,
मा. समन्वय अधिकारी,
पूरपूर्वतयारी लोकसहभाग कक्ष,
विरार (पूर्व)

विषय : मनवेलपाड्याच्या पुराचे संगणकावरील मॉडेल दुरुस्त करण्याबाबत.
संदर्भ : समाजमंदिरात गेल्या आठवड्यात झालेली आढावा बैठक.

महोदय,

अर्जदार सदानंद धाकू मांडवकर हे मनवेलपाड्यात चाळीत राहतात व अंधेरीस एका छापखान्यात नोकरी करतात. कै. यमुना ही त्यांची पत्नी.

गेल्या पावसाळ्यापूर्वीच्या बैठकीस यमुना स्वतः हजर होती. आपल्या कक्षातील ऋतिका मॅडम यांनी पडद्यावर चाळींचा नकाशा लावून, पाणी भरल्यास कोणत्या रस्त्याने माणसे आसऱ्यासाठी शाळेत लवकर पोहोचतात, हे दाखवले. प्रत्येक घराचा एक ठिपका होता. हमरस्त्याने ठिपके रेंगाळले, नाल्याकडेच्या गल्लीने भराभर गेले. लोकांनी शंका काढल्या, मॅडमनी त्याप्रमाणे बदल करून मॉडेल पुन्हा चालवले, आणि सर्वानुमते गल्ली ठरली. यमुनेनेही हात वर केला. आपला ठिपका कसा पोहोचला, ते घरी येऊन तिने कौतुकाने सांगितले. याबाबत अर्जदाराची कोणाविरुद्ध तक्रार नाही. ते सभेस असते तर त्यांनीही हातच वर केला असता.

पाणी भरले त्या दुपारी अर्जदार कामावर होते. शेजारच्या इमारतीत वरच्या मजल्यावर जाऊन बस, असे त्यांनी फोनवर परोपरीने सांगितले. यमुना म्हणाली, "सगळ्यांनी मिळून ठरवलंय ना, मग मी तशीच जाते. तुम्ही जेवून घ्या." गल्लीत नाल्याची भिंत खचली, तेव्हा ती तिथेच होती.

पाणी ओसरल्यावर, घरीच राहिलेल्या तिच्या मोबाइलवर कक्षाचा संदेश आला : आपण शाळेत पोहोचलात का? अर्जदाराने 'नाही' दाबले. पुढे कारण विचारले होते. 'घरीच थांबलो' आणि 'नातेवाइकांकडे गेलो' एवढेच पर्याय होते. दोन्ही खोटे असल्याने अर्जदाराने काहीच दाबले नाही.

आढावा बैठकीत कळले, की ज्यांचे उत्तर अर्धवट राहिले ते ठरल्याप्रमाणे पोहोचले, असे धरण्यात आले आहे. पडद्यावर मांडवकरांचा ठिपका घरातून निघाला, भिंतीपाशी आला, न थांबता पुढे गेला आणि शाळेत शिरला. चूक सांगायला उठलेल्या अर्जदाराच्या तोंडून "परत दाखवा" एवढेच निघाले. मॅडमनी दाखवले. त्यांनी आणखी एकदा मागितले. शेवटी चाळ समितीचे जितेंद्र म्हात्रे यांनी हात धरून त्यांना खाली बसवले.

भिंत आता नवी झाली आहे, आणि मॉडेलप्रमाणे सगळेच सुखरूप पोहोचतात. म्हणून पलीकडच्या नव्या चाळींनाही हीच गल्ली द्यावी का, यावर येत्या रविवारी मत घ्यायचे आहे. त्या लोकांनी यमुनेला पाहिलेले नाही.

तरी विनंती, की मत घेण्यापूर्वी भिंत खचते असे धरून मॉडेल चालवावे, मांडवकरांचा ठिपका जिथे थांबला तिथेच थांबवावा, आणि मग लोकांना ठरवू द्यावे. संदेशातही खरे कारण लिहायला जागा ठेवावी.

दुरुस्ती केल्यावर जुने मॉडेल राहणार नाही, असे मॅडम म्हणाल्या. अर्जदाराची त्यास संमती आहे. मात्र त्याआधी अर्जदारास कक्षात बोलावून, ती शाळेत पोहोचते ते एकदा दाखवावे. ते मागे उभे राहतील. कामात अडथळा आणणार नाहीत.

आपल्या निरोपाची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
सदानंद धाकू मांडवकर

सोबत : मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स प्रत.